नळी : ठाऊक नाही

पोतनीस बाईंच्या कापडी पिशवीत काय काय असायचं याची यादी माझ्याकडे आहे. शिंप्याची टेप. लाकडी मुठीचं भिंग. दोऱ्याला बांधलेला लोहचुंबक. झिजलेला दातांचा ब्रश. स्वेटर विणायची बांबूची सुई, एकच. दुसरी कुठे गेली हे त्यांनाही आठवत नव्हतं. मलमलचा तुकडा, दोन शिसपेन्सिली आणि पोस्टकार्डाएवढी कापलेली कोरी कार्डं. खोडरबर नाही. मी एकदा आणून दिलं, तर बाईंनी ते दोन बोटांत धरून बघितलं आणि परत केलं.

"मला नको. जे खोडावं लागेल ते मी लिहीतच नाही."

मी शाळेच्या कार्यालयात नोकरी करते आणि इथल्या, महाकालच्या गावातल्या, मराठी समाजाची कार्यवाह आहे. खुर्च्या किती, सतरंज्या किती, कोणाच्या घरून कोणती समई आली, सगळं माझ्या डायरीत असतं. बाई मला यादीवाली म्हणायच्या. पहिल्याच भेटीत त्यांनी माझी डायरी चाळली आणि म्हणाल्या, "चांगलं आहे. पण यादीवाली, एक रकाना कमी आहे."

"कोणता?"

"ठाऊक नाही, हा."

मला वाटलं त्या थट्टा करतायत. त्या अजिबात थट्टा करत नव्हत्या.

बाईंची सगळी नोकरी एका सरकारी संग्रहालयात, शस्त्रांच्या दालनात गेली. लागल्या टायपिस्ट म्हणून. कार्डं टाइप करता करता कार्डावर लिहिलेलं खरं आहे का, हे समोरच्या वस्तूशी ताडून बघायची सवय लागली, आणि त्या सवयीतून विद्या आली. दालनात खुर्ची फक्त पहारेकऱ्याला मिळायची, म्हणून बाईंनी स्वतःचं घडीचं स्टूल नेलं. लोखंडी पाय, वर कॅनव्हासची पट्टी. निवृत्त झाल्यावर ते स्टूल घरी आलं आणि मग बाई जातील तिथे जाऊ लागलं. देवास गेटच्या मागच्या गल्लीत, एका बँडवाल्याच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. सकाळी खाली क्लॅरिनेटचा रियाज सुरू झाला की बाई सुती साडी वर खोचून, पायांत कॅनव्हासचे बूट घालून, काखेत स्टूल मारून बाहेर पडत. लग्न केलं नव्हतं. का नाही, असं कोणी विचारलंच तर म्हणत, "कार्डावर जागा नव्हती."

नोकरीतली एक गोष्ट त्या स्वतः कधी सांगत नसत; मला त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याकडून कळली. कोणा बड्या माणसानं संग्रहालयाला तलवार भेट दिली. कार्डावर एका थोर राजाचं नाव हवं होतं. बाईंनी लिहिलं, "मूठ एका तलवारीची, पाते दुसरीचे. राजाची असल्याचे दात्याचे म्हणणे. पुरावा नाही." साहेबांनी बोलावून सांगितलं, पहिलं आणि शेवटचं वाक्य काढा. बाई म्हणाल्या, दुसरं कार्ड दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्या, खाली त्याचं नाव घाला. त्यांची बदली तिकीट खिडकीवर झाली. दोन वर्षं त्या तिकिटं फाडत होत्या, आणि प्रत्येक तिकिटाबरोबर सांगत होत्या, "दुसऱ्या दालनात तलवार आहे. मुठीचा जोड नीट बघून या." लोक खिडकीवर परत येऊन विचारू लागले. शेवटी साहेबांनीच त्यांना पुन्हा दालनात नेलं. खिडकीपेक्षा तिथे त्यांचा आवाज कमी पोचत होता.

बंदूक हातात घेण्याची त्यांची एक ठरलेली रीत होती. आधी नळीत गज घालायचा, तोंडापाशी अंगठा धरून खूण करायची आणि तोच गज बाहेरून नळीवर ठेवून बघायचा. बत्ती देण्याच्या भोकापर्यंत गज पोचला तर नळी रिकामी. फ्रीगंजमधल्या एका घरी दिवाणखान्यात जुनी बंदूक टांगली होती, त्यांनी बाईंना चहाला बोलावलं. बाईंनी चहाआधी गज घातला. चार बोटं कमी पडला.

"ही इथे कधीपासून आहे?"

"आमच्या आजोबांच्या वेळेपासून."

"आणि तो सोफा?"

सोफा बरोबर नळीच्या तोंडासमोर होता. यजमान त्यावरच बसले होते. ते जे उठले ते बाई जाईपर्यंत परत बसले नाहीत. आत कोणीतरी पूर्वी ठासून ठेवलेली दारू आणि गोळी होती, आणि त्या नळीसमोर घरातल्या दोन पोरींचे दाखवण्याचे कार्यक्रम झाले होते.

बाईंचं सांगणं असं की बंदूक ही एकत्र कुटुंबासारखी असते. नळीचा जन्म एकीकडचा. बाजूची कळ, म्हणजे ज्या पट्टीवर घोडा बसतो ती, दुसरीकडची. लाकडाचा दस्ता तिसऱ्या गावच्या सुताराचा. पत्थरकला बंदुकीत घोड्याच्या तोंडात गारगोटी असते, ती पोलादावर आपटून ठिणगी पडते. ही कळ तुटली की लोक दुसरीची काढून बसवत, नळी फुटली की नळी बदलत. "म्हणून बंदुकीचं वय विचारू नका," त्या म्हणत. "कोणाचं वय, ते विचारा."

आता बक्ष्यांच्या बंदुकीकडे येते.

बक्षी साहेब आमच्या समाजाचे अध्यक्ष. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते. कोणाच्या घरी मयत झालं तर सगळ्यांत पहिली गाडी त्यांची येते. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या पदरी होते, आणि घरात एक पत्थरकला होती. दर दसऱ्याला शस्त्रपूजेत तिची पूजा व्हायची. ती पानिपतावर चालली आणि पूर्वजांबरोबर परत आली, असं त्यांच्या घरात सगळे सांगत. समाजाच्या सभागृहात जुन्या वस्तूंचं प्रदर्शन ठरलं, तेव्हा बक्षी साहेबांनी ती द्यायचं कबूल केलं. कार्डं बाई लिहिणार होत्या. प्रदर्शन दसऱ्यानंतरच्या आठवड्यात होतं. बंदूक येण्याआधी संगमरवरी पाटी आली. "पानिपतच्या रणसंग्रामात चाललेली बक्षी घराण्याची बंदूक."

"बंदूक कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"फ्रीगंजला दिलीय. पॉलिशला," बक्षी साहेब म्हणाले.

बाईंनी चष्मा काढला. "कसल्या पॉलिशला?"

"अहो, गंज होता ना. मोटारसायकलचे सायलेन्सर चमकवतो तो. काय काम करतो बाई, एकदम नवी करून देतो."

बाई आपल्या स्टुलावर बसल्या.

बंदूक खरोखरच नव्यासारखी होऊन आली. बक्षी साहेबांनी ती खांद्यावर घेऊन फोटो काढला आणि समाजाच्या ग्रुपवर टाकला. निवडणुकीची आचारसंहिता लागली होती, सगळ्यांची परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा होत होती. तो फोटो ग्रुपमधून कुठे कुठे फिरला देव जाणे, तिसऱ्या दिवशी दोन शिपाई घरी आले आणि बंदूक घेऊन गेले. टीआय साहेब, म्हणजे ठाण्याचे मुख्य, सभ्य होते. जप्ती दाखवली नाही, नुसती जमा करून घेतली. म्हणाले, "कोई जानकार लिखकर दे दे कि पुरानी है और चलती नहीं है, तो ले जाइए. नहीं तो पड़ी रहेगी मालखाने में."

दसरा पाच दिवसांवर होता. बक्षी साहेबांच्या आईंनी, माईंनी, जेवण कमी केलं. वय सत्त्याऐंशी. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी एकही दसरा त्या बंदुकीला कुंकू लावल्याशिवाय काढला नव्हता. मालखान्यातून परत येतील ती हत्यारं येतात, बाकीची तिथेच कुजतात, हे त्यांना कोणीतरी सांगून ठेवलं होतं.

बक्षी साहेब बाईंकडे आले, जिना चढून, धापा टाकत. मी तिथेच कार्डं लावत होते.

"बाई, एक कागद लिहून द्या. पानिपतची आहे, अडीचशे वर्षांच्या वरची आहे. तुमची सही चालते म्हणाले ते."

"बघते आणि लिहिते."

"बघायचं काय त्यात? सगळ्या समाजाला माहीत आहे."

"मग समाजाची सही घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ठाण्यात गेलो. बाई माझ्या स्कूटीवर मागे, स्टूल त्यांच्या मांडीवर. बक्षी साहेब गाडीतून माईंना घेऊन आले. त्यांना आणायचं बाईंनीच सांगितलं होतं, कारण सांगितलं नव्हतं. अंगणातल्या कडुनिंबाखाली टेबल मांडलं होतं. हवालदारानं बंदूक आणून ठेवली. नळी उन्हात अशी चमकली की त्यानं स्वतःच डोळे बारीक केले. "मैडम, ये तो कल की बनी लगती है."

बाईंनी गज घातला. रिकामी. बांबूची सुई बत्तीच्या भोकात घातली, भोक बुजलेलं. घोडा हलवून बघितला. तो लुळा होता, आतली कमान तुटलेली. "चलती नहीं है," त्या टीआय साहेबांना म्हणाल्या. "ये तो अभी लिख देती हूँ." मग भिंग घेऊन नळीवरून तोंडापासून मागपर्यंत गेल्या. परत एकदा गेल्या. तिसऱ्यांदा गेल्यावर भिंग खाली ठेवलं. नळीवर ठसे असतात, कारागिराची खूण असते, कधी वजनाचे आकडे. एक रेघ राहिली नव्हती.

पण कळ तशीच होती. पॉलिशवाल्याला तिला हात लावू दिला नव्हता, माईंनी. दर दसऱ्याला हळद, कुंकू, शेंदूर आणि तेल त्याच पट्टीवर लागायचं. पिढ्यान्‌पिढ्यांचा तो थर अंगठ्याच्या नखाएवढा जाड झाला होता, काळपट लाल, दगडासारखा. देवाचं कुंकू घासायचं नाही, म्हणून माईंनी त्यावर फडकं गुंडाळून बंदूक फ्रीगंजला पाठवली होती.

बाई माईंपुढे स्टूल ओढून बसल्या. "माई, याच्याखाली खूण असेल. असेलच असं नाही. काढू का?"

"कुंकू?"

"हो."

बक्षी साहेब मध्येच म्हणाले, "अहो बाई, राहू द्या ना, चालत नाही म्हणालात, झालं की."

माईंनी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यांनी बाईंना विचारलं, "काढलं तर पाप लागेल का गं?"

"मला ठाऊक नाही," बाई म्हणाल्या.

माई हसल्या. मला वाटतं, दुसऱ्या कोणी नाही लागणार म्हणून सांगितलं असतं तर त्या हो म्हणाल्या नसत्या. "मग मीच काढते. लावलं मी, काढीन मी."

हवालदारानं कुठूनतरी वाटीभर तिळाचं तेल आणलं. माईंनी नमस्कार केला आणि कापसाचा बोळा फिरवायला सुरुवात केली. बाई मधूनमधून ब्रशनं कड सोडवत होत्या. तास गेला असेल. ठाण्यात कामाला आलेले लोक काम विसरून टेबलाभोवती जमले. थर पापुद्र्यांनी सुटत गेला, आणि माईंचं बोट थांबलं.

"अगंबाई! सिंह आहे."

खरंच होता. बोटाच्या पेराएवढा, मागच्या पायांवर उभा, पुढच्या पंज्यांत मुकुट धरलेला.

"सिंह!" बक्षी साहेब ओरडलेच. "टीआय साहब, देखिए, हमारे घराने का सिंह! मराठों का शेर!"

"कंपनीचा आहे," बाई म्हणाल्या.

"काय?"

"कंपनी सरकारचा. आधी त्यांचा शिक्का बदामाच्या आकाराचा होता. हा सिंह एकोणिसाव्या शतकात आला. म्हणजे ही कळ पानिपतानंतर चाळीस-पन्नास वर्षांनी, कदाचित आणखीही उशिरा, विलायतेत घडली. दोनशे वर्षांच्या आसपास धरा."

बक्षी साहेबांचा चेहरा बघवत नव्हता. मग त्यांना सुचलं. "म्हणजे आमच्या पूर्वजांनी कंपनीच्या शिपायाकडून हिसकावली! तसं लिहा. तेही काही कमी नाही."

"हिसकावली असेल. कंपनीची नोकरी करून मिळवली असेल. बाजारात घेतली असेल. बंदुकीवर लिहिलेलं नाही."

"बरं, कळ नंतरची. पण नळी? नळी पानिपतची असू शकते की नाही? तुम्हीच म्हणता ना, वेगवेगळी असते?"

"असू शकते."

"मग!"

"नसूही शकते. सांगणारी खूण होती ती तुम्ही फ्रीगंजात घासून टाकलीत."

बाईंनी पेन्सिल काढली आणि लिहायला घेतलं. टीआय साहेबांनी पेन पुढे केलं. "सरकारी कागद है, मैडम." बाईंनी पहिल्यांदाच माझ्यासमोर शाईनं लिहिलं. चालत नाही: भोक बुजलेले, कमान तुटलेली. कळ: कंपनीची, सुमारे दोनशे वर्षे. दस्ता: शिसवी, इथल्या सुताराचा, पितळी पट्टी मागाहून. नळी: ठाऊक नाही.

बक्षी साहेब वाकून वाचत होते. हळू आवाजात म्हणाले, "बाई, मी अध्यक्ष आहे. हा कागद मी घेणार नाही. भोपाळहून माणूस आणीन. आणि मग प्रदर्शनाच्या कार्डांचंही बघावं लागेल, कोणी लिहायची ते."

"बोलवा. भिंग मी देईन त्यांना." बाईंनी सही केली, टोपण लावलं. "पण मी हेच लिहिणार. आज, उद्या आणि तुम्ही मला तिकीट खिडकीवर बसवलंत तरी."

शेवटी माई बोलल्या. हात तेलानं आणि कुंकवानं लाल झाले होते, ते पुढे धरूनच बोलल्या. "बाळ, मला दसऱ्याला बंदूक घरी पाहिजे. तुझं पानिपत नंतर बघ."

टीआय साहेबांनी कागद फाइलला लावला. बंदूक घरी गेली. दसऱ्याला माईंनी कळीवर कुंकवाचं एकच बोट लावलं, सिंहाच्या बाजूला, सिंहावर नाही. मी स्वतः बघितलं.

मला वाटलं विषय संपला. प्रदर्शनाच्या सकाळी सभागृह उघडलं तर संगमरवरी पाटी भिंतीवर. चार स्क्रू मारून पक्की. बाईंचं कार्ड खाली टेबलावर, फुलदाणीच्या मागे.

बाईंनी पाटी वाचली. मला वाटलं त्या परत जातील. तसं झालं तर काय करायचं ते मी मनात मांडायलाही लागले. बाईंनी स्टूल उघडलं, पाटीखाली ठेवलं आणि बसल्या.

चार दिवस बसल्या. सकाळी दहा ते संध्याकाळी सात. महाकालचं दर्शन, राम घाट करून आलेले यात्रेकरूही डोकावत. बाई प्रत्येकाला म्हणत, "वरची पाटी वाचा. वाचलीत? आता हा सिंह बघा." आणि भिंग हातात देत. हिंदीवाल्यांना हिंदीत, मराठी माणसांना मराठीत, शाळेच्या मुलांना दोन्हींत. रागानं नाही, तक्रारीच्या सुरात तर मुळीच नाही. तिकीट फाडून द्यावं तसं.

दुसऱ्या दिवशी बक्षी साहेब आले. "बाई, इथे ऊन येतं. आत पंख्याखाली बसा ना."

"पाटी काढा, लगेच उठते."

"लोक हसतात हो मला."

"मला नाही वाटत. ते सिंहाला बघतात."

तिसऱ्या दिवशी मी त्यांना डबा नेला तर त्या एका पुजाऱ्याशी वाद घालत होत्या. तो म्हणत होता, मांजी, पानिपत लिहिलं तर काय बिघडलं, लोकांना बरं वाटतं. बाई म्हणाल्या, "पंडितजी, मुझे भी बरं वाटतं. पर लिखने के लिए पता होना चाहिए."

चौथ्या दिवशी दुपारी बक्षी साहेब झेंडूचा हार घेऊन आले. चांगला मनगटाएवढा जाड. खुर्चीवर चढले आणि पाटीला घातला. घालताना दोनदा सरकवला, नीट बेतून. खाली उतरले तेव्हा पाटीवर एवढंच दिसत होतं: "बक्षी घराण्याची बंदूक."

बाई उठल्या, पेन्सिलीनं हार थोडा उचलून आतलं वाचलं आणि परत सोडला.

"चालेल," त्या म्हणाल्या. फुलदाणीमागचं आपलं कार्ड काढून त्यांनी पुढे ठेवलं, सरळ केलं आणि स्टुलाची घडी घातली.

त्या थंडीत बाई गेल्या. न्यूमोनिया झाला, आठवड्याचं निमित्त. दवाखान्यात त्यांच्या केसपेपरवर जन्मतारीख चुकीची पडली होती, ती त्यांनी नर्सला बदलायला लावली. पिशवी आणि स्टूल माझ्याकडे आलं. बंदूक आता सभागृहातच काचेच्या पेटीत असते, दसऱ्याला दोन दिवस घरी जाते. पाटीवरचा हार बरेच दिवस कोणी बदलला नाही. तो वाळला, आक्रसला आणि मागून पानिपत दिसायला लागलं. एका सोमवारी मी स्टूल नेऊन पाटीखाली उघडून ठेवलं. रिकामंच.

बक्षी साहेबांनी बघितलं. "हे कशाला?"

"हार वाळलाय," मी म्हणाले.

आठवड्यानं भिंतीवर स्क्रूंची चार भोकं तेवढी होती. कार्ड जागेवर आहे. शेवटच्या ओळीखाली कोणीतरी बोटानं घासल्यासारखं दिसतं, पण अक्षर गेलेलं नाही.

बाईंना मी हिंडताफिरताना शेवटचं बघितलं ते प्रदर्शन संपलं त्या संध्याकाळी. मी रिक्षा थांबवली होती, त्यांनी तिला हातानंच जायला सांगितलं. पिशवी खांद्याला, स्टूल काखेत, कॅनव्हासचे बूट. देवास गेटच्या बाजूला वळायच्या आधी त्या थांबल्या, माझ्याकडे वळल्या आणि गर्दीवरून ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या,

"यादीवाली, लिहून ठेव. हार वाळला की मला निरोप पाठवायचा. मी परत येऊन बसते."